वास येतो, पण कोणाला?

मराठीत फुलाजवळ नाक नेऊन मुद्दाम हुंगले, तर आपण 'वास घेतला' म्हणतो. एरवी मात्र वास 'येतो'. दूध नासल्याचा वास येतो, वळवाच्या पावसानंतर मातीचा वास येतो, शेजारच्या घरात काही करपल्याचा वास येतो. या वाक्यांत कर्ता वास आहे आणि आपण 'मला', 'तुला' एवढ्यापुरते उरतो. जणू वास बाहेर कुठेतरी पूर्ण तयार असतो, तो आपल्याकडे चालत येतो आणि ज्याचे नाक ठिकाणावर आहे त्या प्रत्येकाला तो एकसारखाच येतो. ही समजूत फार पक्की असते. घरात एकाने 'आमटी आंबली आहे' म्हटले आणि दुसऱ्याने 'काही नाही, चांगली आहे' म्हटले, तर दोघांपैकी एकाला सर्दी झालेली असणार किंवा तो हट्टाने बोलत असणार, असे आपण धरून चालतो.

दोघेही खरे बोलत असतील आणि दोघांची नाके जन्मतःच वेगवेगळी घडलेली असतील, ही शक्यता सहसा आपल्या मनात येत नाही. गेल्या तीन-साडेतीन दशकांतील जनुकशास्त्राने मात्र ती बऱ्याच अंशी खरी ठरवली आहे. त्या शोधाची ही हकीकत आहे. तिचा संबंध प्रयोगशाळेइतकाच स्वयंपाकघराशी, शेजारधर्माशी आणि वासाबद्दल लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रत्येकाशी आहे.

बागेतला मतभेद

१९१८ साली आल्बर्ट ब्लेकस्ली या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. विषय होता वर्बिनाची फुले. वेगवेगळ्या रंगांच्या या फुलांपैकी जी ब्लेकस्लींना सुवासिक वाटत, ती त्यांच्या सहायकाला बिनवासाची वाटत. आणि सहायकाला ज्यांचा सुगंध येई, त्यांचा ब्लेकस्लींना येत नसे. दोघांचीही नाके इतर बाबतींत धडधाकट होती. ब्लेकस्लींनी हा फरक थट्टेवारी न नेता निरीक्षण म्हणून नोंदवला, हे त्यांचे मोठेपण. वासाबाबत माणसामाणसांत उपजत भेद असू शकतो, याची ही एक आरंभीची शास्त्रीय नोंद.

पुढे १९५३ मध्ये कर्क आणि स्टेनहाऊस या संशोधकांनी 'नेचर'मध्ये सायनाइडविषयी लिहिले. सायनाइडला कडू बदामासारखा वास येतो, असे रसायनशास्त्राची पुस्तके सांगतात. पण काही माणसांना तो अजिबात येत नाही आणि अशांमध्ये स्त्रियांपेक्षा पुरुषांचे प्रमाण बरेच अधिक आहे, असे त्यांना आढळले. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या माणसासाठी हा भेद जीवनमरणाचा ठरू शकतो.

१९६० च्या दशकात जॉन अमूर यांनी अशा प्रकारांना एका सूत्रात गोवण्याचा प्रयत्न केला. काही माणसांना बाकी सगळे वास येतात, पण घामट पायमोज्यांची आठवण करून देणाऱ्या काही मेदाम्लांचा वास येत नाही, किंवा फारच कमी येतो. अमूर यांनी या अवस्थेची तुलना रंगांधतेशी केली. रंगांधतेच्या अभ्यासातून जसे डोळ्यातील तीन मूळ रंगांचे रहस्य उलगडायला मदत झाली, तसे या 'गंधांधतां'ची यादी करत गेलो तर मूळ वास किती, हे कळेल, असा त्यांचा तर्क होता. दिशा बरोबर होती. चूक होती ती संख्येच्या अंदाजात. रंगांप्रमाणे मूळ वासही मोजके असतील, असे सर्वांनाच वाटत होते.

चारशे अक्षरांची लिपी

१९९१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांच्या नाकातील गंधग्राही प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचे एक प्रचंड कुटुंब शोधून काढले. 'ग्राही' म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसलेले प्रथिन. ठरावीक आकाराचा आणि गुणधर्मांचा रेणू त्याला येऊन चिकटला की पेशी जागी होते आणि मेंदूकडे संदेश धाडते. या शोधासाठी दोघांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कुटुंबाचा आकार थक्क करणारा आहे. डोळ्याला रंग आणि उजेड पाहण्यासाठी चार प्रकारचे ग्राही पुरतात. नाकासाठी माणसाकडे सुमारे ४०० चालू गंधग्राही जनुके आहेत. आपल्या एकंदर जनुकांची संख्या साधारण २०,००० धरली, तर त्यांतील जवळजवळ दोन टक्के एकट्या नाकाच्या वाट्याला आली. याशिवाय आणखी किमान तितकीच गंधजनुके आपल्या गुणसूत्रांत मोडक्या अवस्थेत पडून आहेत. पूर्वजांच्या कधीकाळी कामाची असलेली, आता अडगळीत गेलेली. उंदराकडे चालू जनुके हजाराहून अधिक आणि आफ्रिकी हत्तीकडे सुमारे दोन हजार आहेत. तरी माणूस नाकाने अधू, ही समजूत मात्र १९ व्या शतकातली आणि फारशी पुराव्याची नाही. कित्येक वासांच्या बाबतीत आपले नाक कमालीचे तीक्ष्ण आहे.

नाकाच्या पोकळीच्या छताशी एक लहानसा पट्टा असतो. त्यात लाखो चेतापेशी असतात आणि त्यांतील प्रत्येक पेशी चारशेपैकी साधारणतः एकच ग्राही निवडते. एकाच प्रकारचा ग्राही धारण करणाऱ्या पेशींचे धागे मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात काही ठरावीक ठिकाणी जाऊन मिळतात. कोणकोणती ठिकाणे एकदम उजळली, त्या नक्षीवरून मेंदू वास ओळखतो.

बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की एक रेणू अनेक ग्राहींना जागे करतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो. म्हणजे एका वासाला एक ग्राही असा हिशेब नाही. चारशे अक्षरांची एक लिपी आहे आणि वास हे त्या अक्षरांनी बनलेले शब्द आहेत, असे समजू. आता कल्पना करा की एखाद्या वाचकाला 'ळ' हे अक्षर दिसतच नाही. बहुतेक शब्द तो नीट वाचील. काही शब्द संदर्भाने जुळवून घेईल. काही शब्द त्याला वेगळेच लागतील. आणि ज्या शब्दात 'ळ'शिवाय दुसरे काही नाही, तो त्याच्यासाठी कोरा कागद असेल. यांपैकी कोणतीही गोष्ट त्याच्या स्वतःच्या लक्षात येणार नाही. कारण न दिसणारे अक्षर उणे असल्याचे कळायलाही ते एकदा दिसावे लागते.

प्रत्येकाची लिपी थोडी निराळी

माणसामाणसांत ही अक्षरे किती वेगळी असतात? २००३ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी दाखवले की अनेक गंधजनुके काही माणसांत चालू आहेत, तर काहींत मोडलेली. २०१४ मध्ये फिलाडेल्फियातील मोनेल केंद्रातील जोएल मेनलँड आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. माणसांत आढळणाऱ्या गंधग्राहींच्या निरनिराळ्या आवृत्त्या त्यांनी प्रयोगशाळेतील पेशींवर बसवल्या आणि त्या कोणत्या रेणूला किती प्रतिसाद देतात, हे तपासले. निष्कर्ष असा की कोणतीही दोन माणसे घेतली, तर त्यांच्या गंधग्राहींच्या तीस टक्क्यांहून अधिक आवृत्त्यांच्या कामात फरक असतो. एवढी विविधता आपल्या शरीरातील फार थोड्या जनुककुटुंबांत आढळते.

कागदावरील जनुकाचा फरक आणि प्रत्यक्ष नाकाला जाणवणारा फरक यांची सांगड घालणारे पहिले ठळक उदाहरण २००७ सालचे. रॉकफेलर विद्यापीठातील लेस्ली वोशाल, अँड्रियास केलर आणि ड्यूक विद्यापीठातील हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटांनी अँड्रोस्टेनोन या रेणूचा पाठपुरावा केला. हा रेणू रानडुकराच्या व पाळीव नर डुकराच्या लाळेत भरपूर असतो आणि तो हुंगताच माजावर आलेली मादी स्तब्ध उभी राहते. माणसाच्या घामात आणि लघवीतही तो अल्प प्रमाणात असतो. त्याच्याबद्दल माणसांची मते इतकी टोकाची असतात की ऐकणाऱ्याला गंमत वाटावी. काहींना तो कुजट मुतारीसारखा वाटतो, काहींना गोडसर, फुलांसारखा किंवा व्हॅनिलासारखा, आणि काहींना वासच येत नाही.

जवळजवळ चारशे माणसांची नाके आणि रक्त तपासल्यावर या मतभेदाचा एक धागा 'ओआर७डी४' नावाच्या जनुकापाशी निघाला. या ग्राहीच्या दोन प्रमुख आवृत्त्यांत फरक आहे तो फक्त दोन अमिनो आम्लांचा. एका आवृत्तीची दोन्ही बाजूंची, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून आलेली, प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांना हा वास तीव्र आणि किळसवाणा वाटण्याची शक्यता अधिक. दुसरी आवृत्ती असलेल्यांना तो सौम्य वाटतो किंवा जाणवत नाही. पुढे नॉर्वेतील एका छोट्या गटाला अँड्रोस्टेनोन मिसळलेले डुकराचे मांस देण्यात आले, तेव्हा ताटातल्या घासाबद्दलचे मतही याच जनुकानुसार झुकलेले आढळले. युरोपात नर डुकरांची खच्ची करणे थांबवावे, असा प्राणिहिताचा आग्रह वाढत असल्यामुळे मांस-उद्योगाच्या दृष्टीने हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता.

गुलाबात काय असते

अँड्रोस्टेनोनचा वास आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या जगण्यात नाही. बीटा-आयोनोन मात्र आहे. व्हायोलेटच्या फुलांचा तो प्राण आहे आणि गुलाबाच्या वासातही त्याचा वाटा मोठा आहे. टोमॅटो, गाजर, चहा यांतही तो थोड्याफार प्रमाणात असतो. पिवळ्या-केशरी कॅरोटिन रंगद्रव्यांचे विघटन होताना तो तयार होतो.

२०१३ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी या रेणूबद्दलची संवेदनशीलता 'ओआर५ए१' या जनुकातील एका अक्षराच्या फरकाशी जोडून दाखवली. ग्राहीच्या साखळीतील १८३ व्या जागेवर एक अमिनो आम्ल असले तर नाक तीक्ष्ण, दुसरे असले तर जवळजवळ बंद. माणसामाणसांतील फरकाचा ९६ टक्क्यांहून अधिक भाग या एकाच बदलाने उलगडला. वासाच्या जगात इतका सरळ, मेंडेलच्या वाटाण्यांची आठवण करून देणारा वारसा क्वचितच सापडतो. आणखी उद्बोधक होती ती लोकांची विशेषणे. तीक्ष्ण नाकाच्या लोकांनी या रेणूला 'फुलांसारखा', 'सुगंधी' म्हटले. मंद नाकाच्या लोकांनी, तो फार तीव्र करून दिल्यावर, 'आंबट', 'झोंबणारा', 'व्हिनेगरसारखा' असे शब्द वापरले. म्हणजे दुसऱ्या गटाला तोच सुगंध कमी प्रमाणात आला असे झाले नाही. दुसरे ग्राही जागे झाले आणि वेगळाच वास तयार झाला.

वाङ्मयाच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. कवितेत गुलाब आला की त्याचा सुगंध सर्वांच्या ओळखीचा आहे, असे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात गुलाबाच्या वासात अनेक रेणू असतात आणि त्यांतील एक महत्त्वाचा रेणू काही वाचकांपर्यंत पोहोचतच नाही. त्यांचा गुलाब खोटा नाही, तो वेगळा आहे. कवी शब्द देतो; त्या शब्दात भरला जाणारा वास प्रत्येक वाचक स्वतःच्या नाकाच्या आठवणीतून आणतो.

मासळी आणि कोथिंबीर

शिळ्या मासळीच्या वासातला मुख्य रेणू म्हणजे ट्रायमिथाइलअमाइन. समुद्री माशाच्या शरीरात असलेल्या एका बिनवासाच्या द्रव्यापासून जिवाणू तो तयार करतात. मासळीला लिंबू, चिंच किंवा कोकमाचे आगळ लावल्यावर वास मरतो, त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे: आम्लाशी संयोग झाला की या रेणूचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही. कोकणातल्या स्वयंपाकघरांनी हे सूत्र न लिहिता पाठ केलेले आहे.

२०२० मध्ये आइसलँडमधील डीकोड जेनेटिक्स या संस्थेने ११ हजारांहून अधिक लोकांना सहा वास हुंगायला देऊन त्यांची जनुके तपासली. त्यांत 'टीएएआर५' या ग्राहीचा एक दुर्मीळ बदल सापडला. तो असलेल्या लोकांना मासळीचा वास एक तर येत नव्हता किंवा त्याला ते भलतेच नाव देत होते. कोणी कॅरॅमल म्हणे, कोणी गुलाब. ज्या देशाचा इतिहासच मासेमारीवर उभा आहे, तिथे हे निघावे, यात गंमत आहेच.

कोथिंबिरीची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते: काही माणसांना ती साबणासारखी लागते. तिच्या पानांतील अल्डिहाइड गटातील रेणू साबणाच्या वासाशी नाते सांगणारे आहेत. २०१२ मध्ये हजारो लोकांच्या पाहणीत या नावडीचा संबंध 'ओआर६ए२' या जनुकाच्या परिसराशी लागला. वृत्तपत्रांनी लगेच 'कोथिंबिरीचे जनुक सापडले' असे मथळे दिले. पण त्याच पाहणीनुसार या नावडीतील वारशाचा वाटा लहान होता. त्याच वर्षी टोरँटोतील तरुणांच्या एका अभ्यासात पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्के लोकांना कोथिंबीर नावडती होती. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हे प्रमाण ७ टक्के आणि मध्यपूर्वेतील वंशाच्या लोकांत ३ टक्के निघाले. ज्या घरांत पोह्यांपासून आमटीपर्यंत सगळ्यावर कोथिंबीर पडते, तिथल्या मुलाचे नाक ती पहिल्या घासापासून ओळखू लागते. अशा आकड्यांत जनुके किती आणि सवय किती, हे वेगळे काढणे सोपे नसते.

जनुकापलीकडे

म्हणून या विषयात एक पथ्य पाळावे लागते. जनुक ठरवते ते वासाचा रेणू आपल्या नाकाला किती आणि कसा भिडतो, एवढेच. त्याचा अर्थ काय लावायचा, हे पुष्कळसे अनुभव ठरवतो. अँड्रोस्टेनोनचेच पाहा. १९८४ मध्ये चार्ल्स वायसॉकी आणि गॅरी बोशाँ यांना एकसारख्या जुळ्यांची या वासाबाबतची नाके जुळ्यांच्या चेहऱ्यांइतकी मिळतीजुळती आढळली. वारशाचा तो मोठा पुरावा होता. पण १९८९ मध्ये वायसॉकी आणि सहकाऱ्यांनी हेही दाखवले की वास न येणाऱ्या काही लोकांना तो रेणू आठवडेच्या आठवडे रोज हुंगायला दिला, की त्यांच्यापैकी कित्येकांना तो येऊ लागतो.

नावाचाही प्रभाव मोठा. २००१ मध्ये रेचेल हर्झ आणि सहकाऱ्याने एकच मिश्रण लोकांना दोनदा हुंगायला दिले. एकदा 'पार्मेझान चीज' असे सांगून आणि एकदा 'वांती' असे सांगून. त्याच नाकांनी त्याच रेणूंबद्दल अगदी उलट मते दिली.

मग संस्कृतीचा वाटा किती? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाश्चात्त्य जगाबाहेरील नऊ समाजांतील २२५ लोकांना दहा वास आवडीच्या क्रमाने लावायला सांगितले. त्यांत शिकारी-अन्नसंकलक होते, शेतकरी होते, शहरवासी होते. व्हॅनिलाचा वास सर्वत्र वरच्या स्थानी आला आणि पायमोज्यांचा तळाशी. एकंदर फरकापैकी सुमारे ४१ टक्के भाग रेणूच्या स्वरूपाने ठरला, सुमारे ५४ टक्के व्यक्तिव्यक्तींच्या भिन्नतेने, आणि संस्कृतीच्या वाट्याला आले जेमतेम ६ टक्के. एकाच समाजातली दोन माणसे एकमेकांपासून जितकी दूर, त्या मानाने दोन समाज फारच जवळ.

मराठीत वासासाठी शब्दांची वाण नाही. खमंग, कुबट, खवट, आंबूस, करपट, ओशट, वशट, मातकट. शिवाय दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा. यांतले बरेच शब्द स्वयंपाकघराने आणि पावसाळ्याने दिलेले आहेत. शब्द असले की नाकाला लक्ष देण्याची सवय लागते. मलेशियातील जाहाई लोकांकडे वासांसाठी अमूर्त शब्दांचा स्वतंत्र संच आहे आणि ते वासाचे नाव रंगाच्या नावाइतक्याच सहजतेने सांगतात, असे आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवले. आपला 'कुबट' हा शब्द शेजाऱ्यालाही समजतो. मात्र त्याच्या नाकातला कुबटपणा आपल्याइतकाच तीव्र आहे, याची हमी शब्द देत नाही.

नाकाची साक्ष

हे सगळे कळून करायचे काय? एक गोष्ट अगदी व्यवहाराची. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र द्रव्य मिसळतात. ही सगळी व्यवस्था नाकाच्या भरवशावर उभी आहे. १९८४ मध्ये रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांची आणि त्यापुढच्या वयाच्या तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांची घ्राणशक्ती बरीच मंदावलेली असते. कोविडच्या साथीत असंख्य लोकांचा वास गेला. त्यातही कोणाचा जाणार, यावर 'यूजीटी२ए१' आणि 'यूजीटी२ए२' या जनुकांच्या परिसराचा प्रभाव असल्याचे २०२२ मध्ये आढळले. तेव्हा घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी गळतीची सूचना देणारे यंत्र ही चैन समजू नये. आणि घरातले कोणी 'वास येतोय' म्हणत असेल, तर 'आम्हाला तर येत नाही' हे त्यावरचे उत्तर नव्हे. आधी शेगडीची कळ पाहावी.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांत मासळी-मटण शिजवणाऱ्यांना घर नाकारले जाते, तेव्हा कारण म्हणून वास पुढे केला जातो. बोंबील भाजल्याचा वास काहींना खरोखरच असह्य वाटत असेल. ते खोटे बोलत नाहीत. पण नाकांतला उपजत फरक जातीच्या किंवा पंथाच्या रेषेवर विभागलेला नाही. तो एकाच घरात, एकाच आईबापांच्या दोन मुलांतही असतो. प्रयोगशाळेच्या नळीतल्या वासाला घर नसते, आडनाव नसते. म्हणूनच तिथे संस्कृतीचा वाटा ६ टक्क्यांवर येतो. जिन्यातल्या वासाला मात्र आडनाव चिकटते आणि किळस बहुधा त्या आडनावापासून सुरू होते. एका समूहाने दुसऱ्या समूहाचा वास 'सहन होत नाही' असे एकमुखाने म्हणणे, हे जनुकांचे काम असू शकत नाही. ते शिकवलेले असते आणि शिकवलेले विसरताही येते.

'मला वास येतो' या वाक्यात आजवर आपण 'वास' या शब्दावर जोर देत आलो. शास्त्र सांगते की 'मला' हा शब्दही तितकाच वजनदार आहे. म्हणून आमटीवरून पुन्हा वाद झाला तर तिसऱ्याला बोलवावे, चौथ्यालाही विचारावे. बहुमत काहीही होवो, ज्याला आंबूस वास येतो त्याच्या पानात ती वाढू नये.